आठ-आठ मिनिटं

सिस्टरनं काट्याकडे बघितलं, मग हातातल्या कार्डाकडे, मग पुन्हा काट्याकडे. माझं कामच काटे तपासायचं, त्यामुळे माणूस दुसऱ्यांदा काट्याकडे का बघतं ते मला चांगलं ठाऊक आहे. पहिल्यांदा बघतं ते आकडा वाचायला. दुसऱ्यांदा बघतं ते तो बदलला असला तर बरं, म्हणून. "वजन उतरलंय," ती म्हणाली. "तीन किलो तीनशे ऐंशी. तीन आठवड्यांपूर्वी चारशे वीस होतं." बाळ पारड्यात उताणं पडलं होतं, छताकडे बघत, आपला या भानगडीशी काही संबंध नसल्यासारखं. सात आठवड्यांचं पोर. मागच्या बाकावर तीन बायका बसल्या होत्या आणि तिघींची तीन पोरं टाहो फोडत होती. त्यातली एक मला म्हणाली, "किती गुणी हो तुमचं बाळ. आमचं बघा, घटकाभर खाली ठेवायची सोय नाही." मी हसले. या वाक्यावर हसायची मला सवयच झाली होती. सात आठवडे येणारा-जाणारा प्रत्येक जण हेच म्हणत होता आणि ते गुण जणू माझ्याकडूनच आल्यासारखी मी मान हलवत होते. सिस्टर मात्र हसली नाही. "अंगावरचंच पाजता ना?" "हो." "नीट पितो?" "हो. अगदी नियमित." नियमित या शब्दावर मी किंचित जोर दिला, तोही मला आठवतो. तिनं कार्डावर काहीतरी लिहिलं. "पाच दिवसांनी परत आणा. वाढलं नसेल तर डॉक्टर दाखल करून घेतील. मध्येच सुस्त वाटला, उठवून उठेना, तर थांबू नका, तशाच निघून या." आणि तिनं पुढच्या बाईला हाक मारली.

मी दुपटं गुंडाळलं. मला भीती वाटली, एवढंच सांगता येईल. भीतीला पोटात खड्डा पडणं वगैरे म्हणतात, माझ्या तसं काही पडलं नाही. माझी भीती छातीत आली आणि ती ओली होती. त्या तीन पोरांचं रडणं ऐकून मला पान्हा फुटला होता. दुधाची ती कळ खांद्यापासून खाली सरकत आली, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत माझे कपडे पुढून भिजले. परक्याच्या पोरांसाठी. माझ्या कडेवरचं पोर डोळे मिटून होतं आणि त्यानं काहीही मागितलेलं नव्हतं. आजवर त्यानं काही मागितल्याचं मला आठवेना. मी आठवायला लागले. पहिल्या आठवड्यात तो रडायचा, हो, तेव्हा रडायचा. मग कधीपासून थांबला? रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असं मी ऑफिसात येता-जाता म्हणायचे, कुणाची रजा अडली, कुणाची बदली अडली की. जा, साहेबांच्या दारात जाऊन रड, म्हणायचे. सगळे हसायचे. रस्त्यात उभी राहून मी ते वाक्य पुन्हा मनात म्हटलं आणि या खेपेला त्यात हसण्यासारखं काही सापडेना.

मग मला एकदम सुचलं की काटा चुकीचा असेल. सुचलं म्हणजे काय, मी त्याला घट्ट पकडलं. अहो, बारा वर्षं मी हेच करतेय. शंभरातले तीस काटे चुकीचे निघतात. कुणाची स्प्रिंग थकलेली, कुणाच्या पारड्याखाली कचरा, कुणाचा शून्यच मुळी शून्यावर नाही. दवाखान्यातला तो काटा तर रंग उडालेला, कुणीतरी कधीतरी दान दिलेला, त्याचा तपासणीचा शिक्का कधीचा होता तेही मी बघितलं नव्हतं. मी, जिनं किराण्याच्या दुकानात पाऊल टाकल्याबरोबर आधी शिक्का बघायचा, ती माझंच पोर वजनाला ठेवताना शिक्का बघायला विसरले. ही चूक कळल्यावर मला केवढं बरं वाटलं. चूक काट्याची होती. मी घरी न जाता सरळ ऑफिसची वाट धरली, जवळजवळ पळतच, आणि पळताना बाळाचं डोकं माझ्या खांद्यावर हलत होतं, फारच सैल हलत होतं, तिकडे मी लक्ष दिलं नाही.

आमच्या तपासणीच्या खोलीच्या खिडक्या कायम बंद असतात, वाऱ्यानं काटा हलतो म्हणून. वजनं मखमलीच्या पेटीत, चिमट्यानं उचलायची. बोटाचा घाम लागला तरी वजन खोटं होतं. मधल्या दगडी ओट्यावर तो मोठा काटा, ज्याच्यावरून बाकी सगळ्यांचं खरंखोटं ठरतं. आम्ही त्याला साहेब म्हणतो, कारण त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही. शिक्केवाले काका तिथेच स्टुलावर बसून होते. तपासून झालेल्या काट्यांना शिशाचा शिक्का ठोकायचं काम त्यांचं, तीस वर्षं ठोकून ठोकून एक कान गेलेला. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "काय गं, रजेवर चैन पडेना वाटतं? आणि हे काय, तपासणीला आणलंस? ठेव, पास झाला तर शिक्का मारतो." मी म्हटलं, "काका, खरंच ठेवायचंय." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग काही न विचारता आपला स्वच्छ पंचा घडी करून पारड्यावर टाकला, काटा शून्यावर आणला. मी बाळाचे कपडे काढले. "हलणारा माल म्हणजे डोक्याला ताप," काका पुटपुटले. "जरा वेळ लागेल हां, काटा ठरायला." पण वेळ लागलाच नाही. काटा एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे, आणि थांबला. लोखंडाचं वजन ठेवल्यावर थांबतो तसा. पारड्यात जिवंत माणूस आहे हे त्याला कळलंच नाही. काकांच्या तोंडातली पुढची थट्टा तोंडातच राहिली.

तीन किलो तीनशे चाळीस. दवाखान्याचा काटा चुकीचा होताच. तो चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता.

"वाटेत मुतला असेल गं," काका म्हणाले. "पोरं मुततात की." मी लंगोट चाचपला. तीन तासांपूर्वी बांधलेला, इस्त्री केल्यासारखा कोरडा. काका म्हणाले, "त्यांचा काटा मी उद्याच बघून येतो. तू घरी जा. आई आहे ना घरी?" मी म्हटलं, आहे. आहे, पण काय उपयोग, असं माझ्या मनात आलं. पाजायच्या वेळी आई कधी खोलीत थांबतच नव्हती. बाळंतपणासाठी म्हणून ती येऊन राहिली होती, माझं सगळं करत होती, बाळाला न्हाऊ-माखू घालत होती, पण मी पाजायला बसले की तिला कुठलं तरी काम आठवायचं. भांडी घासलेली असली तरी पुन्हा घासायची. मी म्हणायचे, जुन्या वळणाची आहे, लाजत असेल.

घरी जाताना मी बाळाला दोनदा चिमटा काढला. हळूच, टाचेला. पहिल्या वेळी त्यानं पाय ओढून घेतला. दुसऱ्या वेळीही घेतला, पण उशिरा, असं मला वाटलं. किती उशिरा? मला वेळ मोजायची इतकी खोड की घड्याळ जवळ असतं तर मी तेही मोजलं असतं. ही खोड मला घरातून लागलेली नाही, घराच्या विरुद्ध लागलेली आहे. आमच्या लहानपणी घरात भिंतीवर एक घड्याळ होतं आणि ते बंद होतं. दुरुस्त करून आणतो म्हणून बाबांनी ते कितीदा तरी खाली उतरवलं, आईनं तितक्यांदा परत टांगलं. "राहू दे तसंच," एवढंच म्हणायची. बाबा शेजाऱ्यांना वेळ विचारायचे. मी शाळेत उशिरा पोचायचे, कधी तासभर आधी पोचायचे, आणि रिकाम्या वर्गात बसून ठरवायचे की मी मोठी झाले की माझ्याकडे सगळं अचूक असेल. त्याच भिंतीवर घड्याळाच्या खाली एक छोटा फोटो होता. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, डोळे मिटलेलं. माझा थोरला भाऊ, माझ्याआधी दोन वर्षं. तो अडीच महिन्यांचा होऊन गेला. का गेला विचारलं तर आईचं उत्तर ठरलेलं, "दूध अंगी लागलं नाही." ताप आला असं म्हणाली असती तर मी ताप म्हणजे काय ते समजले असते. दूध अंगी लागलं नाही याचा अर्थ मला कधीच कळला नाही आणि पुढे विचारायची सोय तिच्या आवाजात नसायची. आता, कडेवर तीन किलो तीनशे चाळीस ग्रॅम घेऊन चालताना, मला वाटलं की हा काहीतरी रक्तातला प्रकार असणार. आमच्या घराण्यातल्या बायकांच्या दुधातच काहीतरी खोट असणार, आणि ती दिसत नसणार, आणि तिला शिक्का नसणार.

दूध मला भरपूर होतं, हेच तर कळेना. आणि पाजण्यात माझी कसूर नव्हती. प्रसूतीनंतर हातात दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, दोन्ही बाजूंना पाजावे. मी ते वाचलं आणि लगेच ऑफिसातून माझं स्टॉपवॉच मागवून घेतलं, काटा ठरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. उजवीकडे आठ मिनिटं, डावीकडे आठ मिनिटं. साडेसात नाही, नऊ नाही. आठ झाली की मी करंगळी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात सारून त्याला सोडवायची आणि दुसऱ्या बाजूला लावायची. दोन्ही पारडी सारखी. नवरा बस चालवतो, त्याच्याही कामात वेळापत्रक असतंच, पण तोसुद्धा म्हणायचा, "तू तर डेपोलाही मागे टाकलंस." ही मला शाबासकी वाटायची. आठव्या मिनिटाच्या सुमाराला बाळाचं पिणं बदलायचं, हे माझ्या लक्षात आलं होतं. आधीचे भराभर घुटके थांबायचे आणि तो संथ, लांब ओढायला लागायचा, डोळे अर्धे मिटून. मी म्हणायचे, झालं याचं, आता नुसतंच चोखतोय. सोडवलं की सुरुवातीला तो तोंड उघडं ठेवून मान फिरवत शोधायचा, कुरकुरायचा. नंतर नंतर शोधेनासा झाला. दुसऱ्या बाजूला लावल्यावर जेमतेम चार घुटके घ्यायचा आणि झोपायचा. मी म्हटलं, शिकला.

घरात शिरल्याबरोबर मी पाजायला बसले. पाजायची वेळ झालेली नव्हती, पण मला दुसरं काही सुचत नव्हतं. उशीजवळ स्टॉपवॉच ठेवलं, कळ दाबली. आई दारात उभी होती. पाजता पाजता मी सगळं सांगितलं, कार्डावरचा आकडा, साहेबाचाही. नेहमीप्रमाणे ती स्वयंपाकघराकडे वळली, दोन पावलं गेली, आणि परत आली. माझ्या समोर येऊन उभी राहिली. तिचे हात ओले होते.

"ते बंद कर," ती म्हणाली.

"काय?"

"ते टकटक करणारं. आधी बंद कर."

"आई, दोनच मिनिटं राहिलीत."

"त्याला माहीत आहे का ते, दोन राहिलीत म्हणून?"

तिनंच ते उचललं. कळ कुठली ते तिला कळेना, मग तिनं ते तसंच कपाटातल्या चादरींच्या ढिगात खुपसलं आणि दार लावलं. तरी ऐकू येत होतं, बारीक. ती पलंगाच्या कडेला बसली आणि जमिनीकडे बघत बोलायला लागली, कुणाला तरी पत्ता सांगावा तशी. "माझ्याकडे भिंतीवरचं होतं. चार-चार तासांनी पाजायचं, मध्ये अजिबात नाही. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, मध्ये पाजाल तर पोट बिघडेल, वाईट सवय लागेल. तेव्हा सगळे तेच सांगायचे. तुझी आजी म्हणायची, अगं, पोर रडतंय, घे त्याला. मी म्हणायचे, तुम्हाला काय कळतंय. मी चार इयत्ता शिकलेली ना. तो मध्येच रडायचा. मी दाराबाहेर बसायचे कानात बोटं घालून. पान्हा फुटायचा, अंगावरचे कपडे चिंब व्हायचे, आणि मी काट्यांकडे बघत बसायचे, कधी पुढे सरकतात. आठ-दहा दिवस रडला. मग थांबला."

"मग?"

"मग काय. मला वाटलं, वळण लागलं."

बाळाचे घुटके मला ऐकू येत होते. चौथा, पाचवा. आई म्हणाली, "शेजारणी बघायला यायच्या. म्हणायच्या, किती गुणी."

  मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू. सात आठवडे ही बाई भांडी घासत होती. सात आठवडे ती त्या टकटकीपासून पळत होती आणि पळताना तिनं मला तिथेच बसवून ठेवलं होतं. "मला आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं. ती म्हणाली, "तू हुशार. तुझ्याकडे मोजायची साधनं. मला वाटलं, आता नवीन काही निघालं असेल, आता हेच बरोबर असेल. आणि सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सांगावं लागलं असतं." मग तिनं पहिल्यांदा बाळाकडे बघितलं. आठ मिनिटं कधीच होऊन गेली होती. माझी करंगळी आपसूक त्याच्या ओठाकडे गेलेली होती. आईनं माझा हात धरून बाजूला केला, चांगला घट्ट. "राहू दे त्याला. बघ, आता कुठे खरं पितोय." तो तसाच संथ ओढत होता, लांब, मध्ये थांबत, पुन्हा ओढत. "हे नुसतं चोखणं आहे," मी म्हटलं. "चोखणं नाही. घसा बघ." मी घसा बघितला. प्रत्येक लांब ओढीनंतर घसा एकदा खाली जात होता. सात आठवडे मी घड्याळ बघत होते आणि तो घसा एकदाही बघितला नव्हता.

हे तिला कुणी शिकवलं, ते तिनं मग सांगितलं. मागच्या गल्लीत एक दूधवाली होती, दोन गाई, तोंडानं फटकळ. थोरला गेल्यावर दोन वर्षांनी मी झाले तेव्हा ती आईकडे दूध घालायला आली आणि आईला घड्याळासमोर बसलेली बघून म्हणाली, बाई, माझ्या गाईचं वासरू घड्याळ बघतं का? तिनंच सांगितलं की पहिल्या धारा पातळ असतात, त्या तहानेच्या. शेवटच्या धारा जाड, साईच्या, अंगी लागतात त्या त्याच. आई म्हणाली, "ती बया लबाड होती. गिऱ्हाइकांना पहिल्या धारा घालायची, शेवटच्या आपल्या पोरांना. पण मला खरं सांगितलं. म्हणाली, एक बाजू पुरती रिकामी होऊ दे, त्याचं त्याला सोडू दे, मग दुसरी. झोपला तर उठव. कपडे काढ, तळपाय चोळ, हनुवटी हलव. आणि मागेल तेव्हा दे. तो मागत नसेल तर तू दे." त्याच दिवशी आईनं भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक काढून टाकला. तो तिनं कुठे टाकला ते तिला आता आठवत नाही.

मी हिशेब करत होते. दुसरं मला येतंच काय. रोज आठ-दहा वेळा पाजणं, पन्नास दिवस. प्रत्येक वेळी मी त्याला पहिल्या धारा पाजल्या आणि साय यायच्या वेळी करंगळी घातली. चारशे-पाचशे वेळा तरी. दूधवाली निदान आपल्या पोरांसाठी तरी शेवटच्या धारा राखायची. मी कुणासाठी राखल्या? कागदावर सारखं पाजावं असं लिहिलेलंच नव्हतं, हे मी त्या संध्याकाळी पुन्हा वाचून बघितलं. दोन्ही बाजूंना एवढंच होतं. सारखं हा शब्द माझा. आणि एवढं कळूनही भीती गेली नाही, उलट तिला बसायला नीट जागा मिळाली. वेळ गेली असली तर? दहाव्या दिवशी थोरला रडायचा थांबला, पण त्यानंतरही तो दोन महिने जगला होता. त्या दोन महिन्यांत कुणी एकानं जरी घड्याळ बंद केलं असतं तर तो वाचला असता का, की तेव्हा उशीर झालेला होता? आईला हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. हे तिनं स्वतःला किती वेळा विचारलं असेल, तेही मला मोजायचं नव्हतं.

पाच दिवस आम्ही दोघी त्या पोराच्या मागे लागलो. नवऱ्यानं आल्या-गेल्याला दारातूनच परत पाठवायचं काम पत्करलं. गुणी हा शब्द घरात आणायचा नाही, एवढं त्याला मी बजावलं होतं. आई आता खोलीतून हलत नव्हती. मी पाजायला बसले की ती त्याचे तळपाय धरून बसायची, तो पेंगला की अंगठ्यानं चोळायची, आणि त्याच्याशी बोलायची, "अहो महाराज, झोपायला नंतर जन्म पडलाय. प्या आधी." तिचा आवाज थट्टेचा, पण अंगठा थांबत नसे. ओले लंगोट ती दोरीवर एका बाजूला वाळत घालायची आणि येता-जाता त्यांच्याकडे बघायची. पहिल्या दिवशी चार. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी सात, तेव्हा तिनं मला हाक मारून दाखवले. मला मात्र विश्वास धरवत नव्हता. तो पित असताना माझा कान कपाटाकडे असायचा, आतली टकटक चावी संपून कधीच थांबली होती तरी. तो झोपला की मी त्याच्या नाकाशी हात न्यायची. त्याचं डोकं, टाळूवरची ती मऊ जागा, खोल गेलीय का वर आलीय हे मी बोटानं बघत राहायची, आणि बोटाला काही कळत नाही म्हणून स्वतःवर चिडायची. चौथ्या दिवशी दुपारी मी न्हाणीघरात असताना खोलीतून एक आवाज आला. रडणं नव्हे. कुरकुर, जुना दरवाजा ढकलल्यासारखी. मी साबणाच्या हातानं धावत आले तर आई पाळण्याशी उभी होती. "काही नाही," ती म्हणाली, "मागतोय." तिनं त्याला उचललं नव्हतं. मी येईपर्यंत ती नुसती ऐकत उभी होती.

पाचव्या दिवशी निघताना माझ्या मनात काय काय आलं ते सांगायची लाज वाटते. निघता निघता पोटभर पाजलं तर शंभर ग्रॅम तरी वाढेल. माल भिजवून वजन वाढवणारे किती व्यापारी मी पकडलेत, आणि आता दारात उभी राहून मी तोच विचार करत होते. आईला तो कळला असावा. "त्याला लागेल तेव्हा पाज," ती म्हणाली, "काट्याला काय कळतंय." दवाखान्यात रांग लांब होती. काका सांगितल्याप्रमाणे येऊन गेले होते, काट्याच्या पोटाशी शिशाचा नवा कोरा शिक्का चमकत होता. म्हणजे आता तो खोटं बोलणार नव्हता.  बाकावर कुणाचं तरी पोर रडत होतं आणि माझी दुधाची कळ खांद्यापासून खाली उतरत होती, तेवढ्यात बाळानं माझ्या गळ्याशी तोंड उघडलं आणि मान फिरवून शोधायला लागलं. मी वरचं बटण काढलं, आणि नेमकी तेव्हाच सिस्टरनं हाक मारली. "ठेवा पटकन. दोन मिनिटांचं काम."

मी त्याला उघडं करून पारड्यात ठेवलं. थंड पत्रा पाठीला लागला मात्र, त्यानं श्वास आत घेतला, खूप आत, चेहरा लाल झाला, मुठी वळल्या, आणि तो रडला. असं रडणं त्या पोरात असेल हे मला ठाऊक नव्हतं. हातपाय झाडत, कमान करत, सगळ्या खोलीला दटावत तो रडत होता, आणि काटा वेड्यासारखा डावी-उजवीकडे उड्या मारत होता. "शांत करा हो," सिस्टर म्हणाली, "काटा ठरत नाहीये. उचला, गप्प करून मग ठेवा." माझे हात पुढे झाले. मागून आई म्हणाली, "राहू द्या हो. थोडं राहू द्या." ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिनं डोळे मिटले होते.

हलत्या काट्यावरून वजन कसं काढायचं ते मला येतं. तो डावीकडे कुठवर जातो, उजवीकडे कुठवर जातो ते बघायचं आणि मधला आकडा धरायचा. तेवढं मी केलं, सवयीनं. तीन किलो पाचशे. मग पुन्हा बघितलं, आणि आकडा तोच होता. सिस्टरनंही खाली वाकून बघितलं आणि कार्डावर लिहिताना म्हणाली, "चला, सुटलात. पण बाप रे, केवढा रडतो हो हा."

"हो," आई म्हणाली. डोळे तिनं अजून उघडले नव्हते. "आमचा हा रडतो."